जलसिंहाचा मुजरा

महू नाका मागे पडला तरी प्रतापराव शेळके रस्त्याच्या बरोबर मधूनच चालत होते. मागून येणारे टांगे आणि सायकली त्यांना वळसा घालून पुढे जात होत्या. एकदोघांनी जाता जाता आई-माईचं नाव काढलं, पण काकांनी मान वळवली नाही. कुमुदिनी कडेनं चालत होती. तिच्या एका चपलेचा अंगठा लालबागेच्या भिंतीपाशीच तुटला होता, त्यामुळे पाय ओढत, मनात गणपतीचं नाव घेत ती चालली होती. गणपतीला घातलेलं साकडं चपलेचं नव्हतं, चुलतबहिणीच्या लग्नाचं होतं.

"काका, कडेला या ना. मागून ट्रक येतोय."

"येऊ दे. त्याला हॉर्न आहे."

"ब्रेक आहे की नाही ते कोणाला ठाऊक."

"कुमुद, चोपदार कडेनं चालला तर मागची सवारी नालीत जाते."

"मागे सवारी नाहीये काका. मागे मी आहे."

"म्हणून तर सांगतो, नीट चाल."

काकू आणि त्यांची मुलगी प्रेमलता टांग्यानं येणार होत्या. टांग्यात चौघांची जागा होती, पण हुजुराकडे जायचं तर पायी जायचं, हा काकांचा नेम. आणि आज ते हुजुराकडेच निघाले होते, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. डोक्याला पगडी बांधली होती. जुना काळा कोट चढवला होता, त्याची पितळी बटणं चिंच लावून घासली होती. हे सगळं चिमणबागेच्या मैदानात तंबू ठोकून बसलेल्या एका जनावरासाठी.

प्रतापराव कुमुदिनीचे सख्खे काका. तिचे वडील ती लहान असताना गेले. तेव्हापासून ती काकांकडेच वाढली, मराठी शाळेत शिकली आणि आता मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होती. शेळक्यांचे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले. आधी हातात तलवार होती. तलवारीचं काम संपलं तसा हातात दंड आला. प्रतापराव दरबारात चोपदार होते. चोपदार म्हणजे चांदीनं मढवलेला दंड घेऊन सवारीच्या पुढे चालायचं आणि सवारी येत आहे हे खड्या आवाजात पुकारायचं. त्या पुकारण्याला ललकारी म्हणतात. काकांची ललकारी निघाली की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरची पारवी उडत, असं जुने लोक सांगत. पारव्यांना विचारायची सोय नाही, तेव्हा ते खरंच धरावं.

मग संस्थान गेलं. आधी मध्यभारत झाला, नंतर मध्यप्रदेश. दंड सरकारजमा झाला. आवाज मात्र कोणी जमा करून घेतला नाही, तो काकांबरोबर घरी आला. कोणाच्या तरी ओळखीनं त्यांना कोर्टाबाहेर पक्षकारांची नावं पुकारायची नोकरी लागली. घागर चोरलेला माणूस असला तरी काका त्याचं नाव अशा थाटात पुकारत की तो आत येताना छाती काढून येई आणि बाकावरचे साक्षीदार उठून त्याला वाट देत. नोकरी संपल्यावर काकांना पुकारायला घरच उरलं. सकाळी पूजेच्या आधी देवघरासमोर ताठ उभे राहून ते खंडोबाला ललकारी देत. कुमुदिनीला ते आवडे. तिला वाटे, देवाला आपण उठवतो, न्हाऊ घालतो, जेवू घालतो, पण तो आला आहे हे कोणी जाहीर करत नाही. काकूंचं, म्हणजे आनंदीबाईंचं, मत निराळं होतं. "देव बहिरा नाही," त्या म्हणत, "आणि शेजारचे पण नाहीत."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न अडलं ते हुंड्यावरून नाही की पत्रिकेवरून नाही. प्रेमलता आणि पांडुरंग थोरात यांची पत्रिका जुळली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि पाहून झाल्यावरही पाहत राहिले होते. पांडुरंग बिजलीघरात क्लार्क, पोरगा सरळ. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. गजाननराव थोरातही दरबारातलेच. ते सवारीमागे अब्दागीर धरत. अब्दागीर म्हणजे उन्हापासून आडोसा म्हणून महाराजांच्या डोक्यावर धरायची जरीची छत्री.

साखरपुड्याला दोन्ही व्याही भेटणार. लहान असेल त्यानं पहिला मुजरा करायचा. आणि लहान कोण, ते ठरेना.

"जो पुढे चालतो तो मोठा," काकांनी निरोप धाडला.

"जो जवळ चालतो तो मोठा," गजाननरावांचा उलट निरोप आला. "पुढे तर घोड्याचं तोंडही असतं."

"मग मागे काय असतं तेही सांगा त्यांना," काका म्हणाले. हा निरोप न्यायला मात्र कोणी तयार होईना.

चौदा वर्षांपूर्वी ती सवारी संपली होती. पुढे आणि मागे चालणारे दोघंही म्हातारे झाले होते, आणि ज्यांच्या पुढेमागे ते चालत ती जागा रिकामी होती. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक दोघं हट्टाला पेटले होते.

पहिल्या भेटीला गजाननराव दारापर्यंत आले. काका दाराच्या आत उभे, ते दाराच्या बाहेर. वाकायला कोणीच तयार नाही. काकूंनी केलेला चहा गार झाला, परत गरम केला, परत गार झाला. शेवटी गजाननराव काखेतली छत्री सावरून तसेच परत गेले. दुसऱ्या खेपेला कुमुदिनीनं दोघांना खजराण्याच्या गणपतीला बोलावलं. देवापुढे तरी ताठा राहणार नाही, असं तिला वाटलं. ताठा राहिला नाही हे खरं. दोघंही देवाला असे चिकटून हात जोडून उभे राहिले की तोंड वळवून एकमेकांकडे बघायची वेळच येऊ नये. पुजाऱ्यानं नैवेद्याला पडदा ओढला तरी दोघं पडद्याला हात जोडून उभेच.

पौष लागला की मुहूर्त नाहीत. गजाननरावांच्या बहिणीनं देपालपूरची एक मुलगी सुचवून ठेवली होती. प्रेमलता घरात बोलत नव्हती, पण पोळ्या लाटताना लाटणं आपटू लागली होती. कुमुदिनीनं संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही.

आणि त्याच आठवड्यात शहरात सागर-महल आला. चिमणबागेवर भला मोठा तंबू, आत काचेच्या टाक्या, टाक्यांत समुद्रातले मासे, आणि शेवटी लोखंडी हौदात जलसिंह. भिंतीभिंतींवर पोस्टर लागली: सागर-सम्राट जलसिंह, आम जनता को सलाम करेंगे. कुमुदिनी शाळेच्या मुलींना घेऊन एकदा जाऊन आली होती. काळं, चकचकीत, मिशाळ जनावर. पुढे वल्ह्यासारखे दोन पंख, कुत्र्यासारखं तोंड. तिनं मुलींना सांगितलं होतं, हा मासा नव्हे बरं का, हा आपल्यासारखा सस्तन प्राणी. पिलांना दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्याबाहेर येतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावरही लिहून दिलं.

ते पोस्टर काकांनी वाचलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"सम्राट जनतेला सलाम करतो," ते म्हणाले. "म्हणजे यांचंही विलीनीकरण झालेलं दिसतं."

त्यांना जायचंच होतं. कुमुदिनीनं ते ओळखलं आणि पांडुरंगाशी मसलत केली. रविवारी दुपारच्या खेळाला तोही वडिलांना घेऊन येणार. अंधाऱ्या तंबूत, गर्दीत, एका बाकावर दोघांना शेजारी बसवायचं. खांद्याला खांदा लागला की माणूस काहीतरी बोलतोच.

राजवाड्यासमोर आल्यावर काका थांबले, दरवाज्याकडे तोंड करून एकदा मान लववली आणि पुढे निघाले.

"एकदा काय झालं," ते चालता चालता सांगू लागले, "एक पाहुणे संस्थानिक आले होते. जेवण जड झालेलं, खुर्चीतच डोळा लागला. मी मुजऱ्याला वाकलो तेव्हा ते घोरत होते. मग काय? ज्याला मुजरा केला त्यानं नजर दिल्याशिवाय वर यायचं नाही. वाकूनच उभा राहिलो. पाहुणे जागे झाले, त्यांनी बघितलं, मग वर आलो."

"किती वेळ काका?"

"तो त्यांच्या झोपेचा प्रश्न. माझा नाही."

कुमुदिनी हसली. पुढे थोड्याच वेळात हा नियम आपल्याला घाम फोडणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

तंबूपाशी काकू आणि प्रेमलता आधीच पोचल्या होत्या. आत काचेच्या टाक्यांपुढून जाताना काकू एकेका माशासमोर थांबत होत्या. एका टाकीवर 'अरब सागर की दुर्लभ मछली' अशी पाटी होती.

"हा रोहू आहे," काकू म्हणाल्या. "बडवाहच्या बाजारात ढीग लागतो याचा."

"काकू, हळू बोला."

"हळूच बोलतेय. आणि शिळा पण आहे. डोळा बघ."

"तो जिवंत आहे काकू."

"असेल. पण मी नसता घेतला."

हौदाच्या भोवती गोल बाकं मांडली होती. हौद कमरेइतक्या उंच ओट्यावर, मध्ये एक लाकडी चौथरा. आणि इथेच कुमुदिनीचा बेत फसला. दारावरच्या माणसानं पुरुषांना, बायकांना, उशिरा येणाऱ्यांना असं काही वाटून बसवलं की काका पडले हौदाच्या या बाजूला पहिल्या रांगेत, आणि गजाननराव बरोबर समोर, पलीकडे. काखेत छत्री, मार्गशीर्षातसुद्धा. ही छत्री ते स्वतःवर कधी उघडत नसत. दोघांनी एकमेकांना पाहिलं. काकांनी तंबूच्या छताकडे बघितलं. गजाननरावांनी मिशीवरून हात फिरवला. पलीकडून पांडुरंगानं कुमुदिनीकडे पाहून हताशपणे हात हलवला आणि तेवढ्यात प्रेमलतेकडेही पाहून घेतलं.

सागर-महलचा मालक उदयसिंह, लाल कोट घातलेला जाडजूड माणूस, बादली घेऊन पुढे आला. बादलीत लहान मासे होते. त्यानं घसा साफ केला आणि ओरडला, "बाअदब, बामुलाहिजा, होशियार. सागर-सम्राट पधार रहे हैं."

काकांनी डोळे मिटून घेतले, जसा एखादा गवई बेसूर ऐकून घेतो.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सवारी दिसायच्या आत ललकारी संपवली यानं. ही काय गाडी सुटल्याची वर्दी आहे? पावलाबरोबर चालायला पाहिजे."

"तुम्हाला काय करायचंय? बघा गपचूप."

पण पिंजऱ्याची फळी उघडली होती, जलसिंह अंग ओढत पाण्याकडे निघाला होता, आणि त्याच्या आगमनाची काहीच घोषणा चालू नव्हती. नुसती शांतता. ही शांतता काकांना सोसवली नाही. ते उठून उभे राहिले. एक हात पुढे धरला, जणू त्यात दंड आहे. आणि त्यांनी ललकारी दिली.

चौदा वर्षं खंडोबा आणि शेजाऱ्यांखेरीज कोणी ऐकली नव्हती ती ललकारी सागर-महलच्या तंबूत घुमली. तंबूची कनात थरथरली. काचेच्या टाक्यांतला रोहू, दुर्लभ असो की नसो, कोपऱ्यात गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे दादा, ये भी खेल में है क्या?" दुसरा म्हणाला, "चुप भिया, असली आयटम तो ये ही है."

जलसिंह चौथऱ्यावर चढला. मोठा आवाज ज्या बाजूनं येईल तिकडे तोंड करून सलाम करायचा, अशी त्याला शिकवण होती. तो काकांकडे वळला, उजवा पंख उचलला आणि कपाळाला लावला.

आता संस्थान जाऊन चौदा वर्षं झाली होती. ह्या वर्षांत काकांनी कोणाला मुजरा केला नव्हता आणि कोणी त्यांना केला नव्हता. समोर सम्राट म्हणवणारा कोणी उभा होता आणि त्यानं पहिला सलाम केला होता.  काकांनी कंबरेत वाकून, हात जमिनीपासून कपाळापर्यंत नेत, रीतसर मुजरा परत केला.

सलाम झाला की मासा, असा जलसिंहाशी उदयसिंहाचा करार. पण उदयसिंह तोंड उघडं ठेवून काकांकडेच बघत राहिला. मासा मिळाला नाही. जनावराला वाटलं, सलाम पुरता झाला नसावा. त्यानं पुन्हा केला. काकांनी पुन्हा मुजरा केला. जनावरानं तिसऱ्यांदा केला. काका तिसऱ्यांदा वाकले. ते वर यायच्या आत, मासा या बाजूला नाहीच असं ठरवून जलसिंह गर्रकन पलीकडे वळला आणि त्यानं गजाननरावांना सलाम ठोकला.

गजाननराव काय कमी होते? चोपदाराला मान मिळाला आणि अब्दागीरवाल्याला मिळाला नाही असं व्हायचंच नव्हतं, आणि आता मिळालाच होता. ते ताडकन उठले, छत्री पांडुरंगाच्या हातात दिली आणि वाकले.

इतक्यात जलसिंहाचा धीर संपला. इकडे मासा नाही, तिकडे मासा नाही. त्यानं दोघांपैकी कोणाकडेही न बघता धपकन हौदात बुडी मारली.

"रूठ गई," उदयसिंह पुटपुटला.

चौथरा रिकामा झाला. आणि हौदाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांसमोर, प्रतापराव शेळके आणि गजाननराव थोरात मुजऱ्यात वाकलेले राहिले.

पाहणाऱ्याला वाटावं, व्याही व्याह्याला मान देतोय. पण दोघांच्याही लेखी समोर व्याही नव्हताच. दोघंही पाण्याखाली गेलेल्याला वाकले होते. आणि त्यानं नजर दिल्याशिवाय वर यायचं नव्हतं. शिवाय जो आधी उठेल त्यानं मुजरा अर्धा टाकला, असं दुसरा जन्मभर सांगणार.

"अहो, उठा," काकू म्हणाल्या. "कंबर धरेल."

"नजर मिळाली नाही अजून," काका वाकूनच म्हणाले.

"कोणाची?"

"ते खाली आहेत."

पलीकडे पांडुरंग वडिलांना काहीतरी विनवत होता. गजाननरावांचा आवाज आला, "आधी त्यांना उठू दे."

"मी उठणार नाही म्हणावं," काका म्हणाले.

मागची माणसं उठून बघू लागली. "क्या हो रिया है भिया?" एकानं विचारलं. "दोनों का कुछ गिर गया है शायद," दुसऱ्यानं सांगितलं. एक म्हातारा काहीच न विचारता स्वतःही अर्धवट वाकून उभा राहिला, उगाच कमी पडायला नको म्हणून.

 कुमुदिनीनं उदयसिंहाला गाठलं. "भाईसाहब, हा वर कधी येणार?"

"मूड पे है बहनजी."

"पण श्वास घ्यायला यावंच लागतं ना? सस्तन आहे तो."

"आना तो पड़ता है. पर जब रूठती है तो बहुत देर अंदर बैठती है."

सस्तन प्राणी श्वास घेण्यासाठी पाण्याबाहेर येतो. हे वाक्य तिनं स्वतः फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यावर एका मुलीचं लग्न अवलंबून असेल, हे मात्र तिच्या मनात आलं नव्हतं. तिनं हौदाकडे तोंड करून डोळे मिटले. बाप्पा, ती मनात म्हणाली, तू हत्तीचं तोंड लावून बसला आहेस, तुला जनावरांचं कळतं. याला श्वास येऊ दे. पण मधोमध येऊ दे. एकाकडे आधी बघितलं तर सगळंच मुसळ केरात.

पाण्यावर बुडबुडे येत होते.  काकांच्या पगडीचा शेव सुटून नाकापुढे लोंबत होता. पलीकडे गजाननरावांचा श्वास वाजत होता. प्रेमलतेनं पदर तोंडात कोंबला होता. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि मग हौदाच्या बरोबर मधून काळं चकचकीत डोकं वर आलं. त्यानं असा काही फुत्कार टाकला की दोन्ही बाजूंची पहिली रांग भिजली. जलसिंहानं डोकं गोल फिरवलं, सगळ्या तंबूवरून, कोणा एकाकडे नाही आणि कोणाला वगळून नाही. काका आणि गजाननराव एकाच क्षणी वर आले.

म्हणजे येऊ लागले. अर्ध्यातच दोघांच्याही कंबरेत उसण भरली.

पांडुरंग हौदाला वळसा घालून धावला तो थेट काकांपाशी, आणि प्रेमलता दुसऱ्या बाजूनं गेली ती गजाननरावांपाशी. आपापला बाप सोडून दोघं दुसऱ्याच्या बापाला सावरायला का गेली, हे कोणी विचारलं नाही. काकांनी पांडुरंगाच्या खांद्यावर भार टाकला आणि हळूहळू सरळ झाले. पलीकडे गजाननराव प्रेमलतेला म्हणत होते, "सांभाळ गं पोरी, तुझा हात भिजेल." तिचा हात आधीच भिजला होता.

उदयसिंहाला आता कुठे बादली आठवली. जलसिंहाला मासा मिळाला. तंबूत टाळ्या झाल्या. त्या कोणासाठी होत्या ते सांगता येत नाही.

पांडुरंग आणि प्रेमलता यांनी दोघांना आणून एकाच बाकावर टेकवलं. कुमुदिनीला पाहिजे होता तोच बाक.  पाणी निथळत होतं. मग गजाननराव बोलले, ते काकांशी नाही.

"मास्तरीणबाई, तुम्ही बघत होतात. आधी कोण वाकलं?"

कुमुदिनीनं क्षणभर विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि सुदैवानं गरजही पडली नाही.

"जनावर," ती म्हणाली.

"आणि आधी वर कोण आलं?"

"जनावरच."

दोघा म्हाताऱ्यांनी हे मनात तोलून पाहिलं. मग काका म्हणाले, "म्हणजे पहिला मुजरा त्यांचा. आपण दोघांनी परत केला."

"आपण परत केला," गजाननराव म्हणाले. "यात लहान-मोठं कोणी झालं नाही."

"सम्राटापुढे चोपदार काय आणि अब्दागीर काय."

"तेच म्हणतो मी."

"तुम्ही घोड्याच्या तोंडाचं म्हणाला होतात."

"तुम्ही मागचं म्हणाला होतात, ते पण पोचलं माझ्यापर्यंत."

काकांनी कुमुदिनीकडे बघितलं. तिनं काकूंकडे. काकू रोहूच्या टाकीकडे बघत होत्या.

बाहेर पडायची वेळ झाली. दारात ही गर्दी. काका सवयीनं पुढे झाले, वाकडे होत होते तरी, आणि घशातून हलकीशी ललकारी निघाली. लोक बाजूला सरले. मागून गजाननरावांनी पांडुरंगाच्या हातून छत्री घेतली आणि सवयीनंच उघडली. उघडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ती कोणाच्या तरी डोक्यावर धरायला पाहिजे. त्यांच्यापुढे प्रेमलता आणि पांडुरंग चालत होते, ओल्या कपड्यांनी, एकमेकांत हातभर अंतर ठेवून. छत्री त्यांच्यावर आली. पुढे चोपदार, मागे अब्दागीर, मधली जागा भरलेली, अशी ती सवारी चिमणबागेच्या मैदानातून रस्त्यापर्यंत गेली. कुमुदिनी तुटकी चप्पल हातात घेऊन मागून चालली होती. पुढे काका रस्त्याच्या मधोमध लागले आणि या वेळी तिनं त्यांना कडेला या म्हटलं नाही.

गुरुवारी साखरपुडा झाला. व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली, कारण वाकायला दोघांनाही वैद्यांची मनाई होती. मुहूर्त पौषाच्या अलीकडचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओसरीवर लेप लावून बसले होते. पहिली अक्षत गणपतीला, दुसरी जेजुरीच्या खंडोबाला, आणि तिसरी ज्यानं सोयरीक जुळवली त्याला, अशी शेळक्यांकडची रीत. कुमुदिनीचं अक्षर चांगलं, म्हणून पत्रिका लिहायला तिला बोलावलं होतं. दोन लिहून झाल्या.

"आता तिसरी," काका म्हणाले. "राजमान्य राजश्री सागर-सम्राट जलसिंह यांसी."

कुमुदिनीनं टाक खाली ठेवला. "काका, राजश्री चालणार नाही. ती मादी आहे."

"कोण म्हणतं?"

"उदयसिंहच म्हणाला. दोनदा म्हणाला. मी जाताना विचारलं पण. चंपा नाव आहे तिचं. पोस्टरवर सम्राट बरं दिसतं म्हणून लिहिलंय."

 हा मुजरा बाईमाणसाला झाला, हे काकांनी मनात घोळवलं. मग मान हलवली. संस्थानच्या गादीवरही बायकांनी राज्य केलेलं होतं, त्यात नवल नव्हतं.

आतून काकू म्हणाल्या, "मग ओटीचं सामान पण द्यावं लागेल. खण-नारळ. नाहीतर नावं ठेवतील."

"द्यायचंच," काका म्हणाले. मग कुमुदिनीकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "पण मायना चुकायला नको. सोमवारी त्यांचा तंबू उज्जैनला हलणार. तू उद्या शाळेतून येताना चिमणबागेवरून ये, आणि त्या उदयसिंहाला विचार, तिचे यजमान आहेत का. असतील तर सौभाग्यवती लिहू. नसतील तर गंगाभागीरथी. लग्नच झालं नसेल तर कुमारी."

"मी विचारू हे, काका?"

"तूच विचार, तू शिकलेली आहेस. पण त्याला बाजूला घेऊन विचार. तिच्यासमोर नको."